कागदावर आठ जीबी, खोबणीत सोळा : एका जुन्या लॅपटॉपची रॅम वाढवण्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागात जकार्ड मागांसाठी (ताण्याचे धागे वेगवेगळे उचलून नक्षी विणणाऱ्या मागांसाठी) नक्षी तयार करून देणारे एक छोटे कार्यालय आहे. चादर, टॉवेल आणि नॅपकिन विणणारे आसपासचे कारखानदार जुना नमुना, कागदावरचे फूल किंवा मोबाइलवरचे एखादे छायाचित्र घेऊन येतात आणि त्यावरून मागाला समजेल अशी फाइल हे कार्यालय बनवून देते. मालक पूर्वी चौकटीच्या कागदावर हाताने ग्राफ रंगवत असत. आता चित्राचे काम त्यांची मुलगी पाहते, तर वीण लावण्याचे आणि शेवटची फाइल काढण्याचे काम ते स्वतः करतात. ओळख उघड होऊ नये म्हणून त्यांचा उल्लेख येथे सगळे त्यांना म्हणतात तसा ‘अण्णा’ एवढाच केला आहे.

सगळे काम एकाच लॅपटॉपवर चालत असे. तो व्यवसायासाठी बनवलेल्या मालिकेतला, इंटेलच्या २०११ साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या आय५-२५२०एम प्रोसेसरचा होता. त्यात २ जीबीच्या दोन काड्या (मेमरीच्या चिप बसवलेल्या पट्ट्या), म्हणजे एकूण ४ जीबी डीडीआर३ रॅम, फिरती हार्ड डिस्क आणि ३२-बिट विंडोज ७ होते. नक्षीचे सॉफ्टवेअर यूएसबीला लावायच्या डोंगलशिवाय (परवाना तपासणाऱ्या छोट्या उपकरणाशिवाय) उघडत नव्हते, आणि ते विकत घेतले तेव्हा बसवणाऱ्याने ३२-बिट विंडोजवर बसवून दिले म्हणून पुढे सगळे तसेच राहिले होते. काही वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात, विंडोज १० ला सुरक्षेच्या अपडेट अजून मिळत होत्या त्या काळात, हे प्रकरण एका दुरुस्तीकाराकडे आले.

तक्रार आणि तिचे निदान

‘लॅपटॉप हँग होतो, रॅम वाढवून द्या,’ अशी तक्रार होती. गिऱ्हाईक निदान स्वतःच करून येते, हे या धंद्यात नेहमीचे आहे. ते निदान तपासून घेणे हे दुरुस्तीकाराचे पहिले काम. त्याने दुकानात काही न करता कार्यालयात जाऊन मुलीला रोजचे काम करायला लावले आणि शेजारी बसून टास्क मॅनेजर आणि रिसोर्स मॉनिटर पाहिले. ए३ आकाराचा कागद स्कॅन करून चित्राच्या प्रोग्रॅममध्ये घेतला आणि त्यावर दोन-तीन थर चढवले की वापरात असलेली मेमरी टोकाला जात होती, हार्ड डिस्कचा दिवा विझतच नव्हता आणि माऊसचा बाण काही सेकंद जागचा हलत नव्हता. मेमरी संपल्यावर विंडोज उरलेला भार डिस्कवर टाकते आणि फिरती डिस्क रॅमच्या मानाने फारच संथ असते. ‘हँग’ म्हणतात ते हेच होते.

हिशेब करून पाहिला तरी हेच दिसते. ए३ कागद ६०० डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन केला तर चित्र सुमारे ७,०१६ बाय ९,९२१ ठिपक्यांचे होते. प्रत्येक ठिपक्याला रंगासाठी ३ बाइट धरल्या तर फक्त एका थराला २०९ एमबीच्या आसपास मेमरी लागते, आणि थर व मागे घेण्याच्या पायऱ्या वाढतील तसा हा आकडा पटीत वाढतो. उलट मागाला जाणारी शेवटची फाइल अगदीच लहान असते. काही हजार हुक (मागातले ताण्याचे धागे उचलणारे आकडे) रुंद आणि काही हजार ओळी लांब असे ते मोजक्या रंगांचे चित्र असल्याने त्याला दहा-वीस एमबीसुद्धा पुरतात. म्हणजे अण्णांच्या कामाला रॅमची टंचाई नव्हती, मुलीच्या कामाला होती. पुढचे बरेच निर्णय या भेदावर ठरले.

मर्यादा नेमकी कोणाची

लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत ‘कमाल मेमरी ८ जीबी’ असे स्पष्ट छापलेले होते. खोबण्या दोन, म्हणजे एका खोबणीत ४ जीबी. अण्णांनी हे वाचलेले होते आणि त्यांना ८ जीबीच हवी होती. दुरुस्तीकाराने मात्र प्रोसेसरचा तक्ता काढला. या पिढीत मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा भाग, प्रोसेसरच्या आतच असतो, आणि आय५-२५२०एमसाठी इंटेलने १६ जीबीची मर्यादा जाहीर केलेली आहे.

हा फरक समजून घेण्यासारखा आहे. लॅपटॉप बनवणारी कंपनी पुस्तिका छापते तेव्हा बाजारात मिळणाऱ्या आणि स्वतः तपासलेल्या काड्यांवरून आकडा देते. २०११ च्या सुरुवातीला लॅपटॉपसाठीच्या ८ जीबीच्या काड्या सहज मिळत नव्हत्या, म्हणून ४ आणि ४ मिळून ८ असा आकडा छापला गेला. त्याच काळातल्या थिंकपॅड टी४२० आणि एक्स२२० या यंत्रांचीही हीच गोष्ट आहे. कागदावर ८ जीबी असताना ती १६ जीबीवर व्यवस्थित चालतात, हे आता सर्वांना ठाऊक आहे. २०१० चा १३ इंची मॅकबुक प्रो तर प्रोसेसरने आणखी जुना, तरीही ॲपलने सांगितलेल्या ८ जीबीच्या पलीकडे १६ जीबी घेतो.

परंतु यावरून ‘कंपनीचा आकडा नेहमी खोटा’ असा अर्थ काढणारे पुढे फसतात. इंटेलच्या ९४५ चिपसेटवरच्या (मदरबोर्डवरच्या नियंत्रक चिपच्या संचावरच्या) जुन्या लॅपटॉपमध्ये ४ जीबी बसवली तरी सव्वातीन जीबीच्या आसपासच मिळते. तेथे अडवणूक चिपसेटची असते आणि ती कोणत्याही काडीने सुटत नाही. म्हणून एका आकड्याऐवजी पाच ठिकाणी विचारावे लागते : छापील पुस्तिका, मेमरी कंट्रोलर, काडीवरच्या चिपची घनता (एका चिपमध्ये किती मेमरी मावते), बायोस (यंत्र सुरू होताना हार्डवेअर ओळखणारा अंगभूत प्रोग्रॅम) आणि ऑपरेटिंग सिस्टिम. यांतली सर्वांत खालची मर्यादा हीच खरी. अण्णांच्या लॅपटॉपमध्ये कमांड प्रॉम्प्टवर ‘डब्ल्यूएमआयसी’च्या आदेशाने विचारले असता बायोसने १६७७७२१६ केबी, म्हणजे बरोबर १६ जीबी, असे उत्तर दिले. हा आकडा बायोस लिहिणाऱ्याने भरलेला असल्याने त्यावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही, पण प्रोसेसरच्या तक्त्याशी तो जुळत होता हे आशादायक होते.

राहिली ऑपरेटिंग सिस्टिम, आणि खरी आडकाठी तिथेच होती. ३२-बिट विंडोज ७ एकूण ४ जीबीपलीकडचे पत्ते वापरत नाही, आणि त्यातलाही काही भाग ग्राफिक्स आणि इतर उपकरणांसाठी राखला जातो. अण्णांच्या पडद्यावर ‘४ जीबी’ लिहिलेले असले तरी कामाला तीन जीबीच्या आसपासच येत होती. त्यामुळे ८ जीबी बसवली असती तरी काडीमात्र फरक पडला नसता, कारण बसवलेली ४ जीबीसुद्धा पूर्ण वापरली जात नव्हती.

तोललेले पर्याय

नवा लॅपटॉप घेणे हा सर्वांत सरळ पर्याय होता. खर्च हा अडसर होताच, पण त्याहून मोठी अडचण सॉफ्टवेअरची होती. विक्रेत्याचे म्हणणे होते की नव्या यंत्रावर जुनी आवृत्ती चालेल याची हमी देता येणार नाही, नवी आवृत्ती घ्यावी. लग्नसराईच्या ऑर्डरी चालू असताना नवे सॉफ्टवेअर शिकत बसणे अण्णांना परवडणारे नव्हते.

दुसरा पर्याय कंपनीच्या मर्यादेत राहून ८ जीबी आणि ४ जीबीची ही अट नसलेले ६४-बिट विंडोज, तिसरा १६ जीबी आणि ६४-बिट विंडोज. दोन्हींत श्रम जवळपास सारखेच, आणि १६ जीबीसाठी लागणाऱ्या दोन वापरलेल्या काड्यांचा खर्च नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) टाकायचे दुरुस्तीकाराने या दोन्ही पर्यायांत गृहीतच धरले होते. माझ्या मते ते बरोबर होते. या वयाच्या लॅपटॉपला एसएसडी न टाकता फक्त रॅम टाकणे हा अर्धवट उपाय आहे.

अण्णांचा प्रश्न व्यवहाराचा होता.

‘‘कंपनी आठ म्हणते, तुम्ही सोळा म्हणता. नाही चाललं तर माल परत घेणार का?’’

‘‘अण्णा, आधी एकच काडी आणू. बिलावर बदलून देण्याचं लिहून घेऊ. ती चालली तरच दुसरी.’’

एकाच काडीचा हा विचार या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय होता, असे मला वाटते. पुस्तिकेतली मर्यादा खरे तर खोबणीमागे ४ जीबीची होती. त्यामुळे ८ जीबीची एकच काडी एका खोबणीत लावली की ती मर्यादा मोडते की टिकते, हे दोन काड्यांचे पैसे न गुंतवता कळते. शिवाय दुसरी काडी कधीच आली नसती, तरी ८ आणि २ मिळून १० जीबीवर काम चालले असते. अशा विजोड जोडीत मेमरीचा सारख्या आकाराचा भाग दोन चॅनेलने (समांतर वाटांनी) आणि उरलेला एका चॅनेलने, म्हणून जरा संथ, चालतो, एवढाच तोटा.

विंडोजचा निर्णय

लॅपटॉपच्या तळाशी विंडोज ७ होम बेसिकचे स्टिकर होते. त्यावरची परवान्याची किल्लीच ६४-बिट आवृत्तीला चालते, म्हणून पहिला बेत तीच आवृत्ती बसवण्याचा होता. पण ६४-बिट होम बेसिकची स्वतःची मर्यादा ८ जीबी आहे. होम प्रीमियमची १६ आणि प्रोफेशनलची १९२. म्हणजे १६ जीबी बसवून, बायोसने ती ओळखूनही विंडोजने निम्मी बाजूला ठेवली असती, आणि दोष बिचाऱ्या काडीवर आला असता. हे वेळीच लक्षात आल्याने ६४-बिट विंडोज १० होम निवडले गेले, त्याची मर्यादा १२८ जीबी आहे.

डोंगलचे काय, हा प्रश्न उरला. ६४-बिट विंडोजवर ३२-बिट प्रोग्रॅम चालतात, पण ३२-बिट ड्रायव्हर (उपकरण चालवणारे छोटे प्रोग्रॅम) चालत नाहीत. नक्षीच्या सॉफ्टवेअरची अडचण होणार नव्हती, त्याच्या डोंगलची होणार होती. विक्रेत्याकडून ड्रायव्हर मिळाला नाही, तेव्हा दुरुस्तीकाराने डोंगलवरचे बारीक अक्षर भिंगाने वाचून तो मुळात कोणी बनवला आहे ते शोधले आणि त्या उत्पादकाचा सर्वसामान्य ६४-बिट ड्रायव्हर मिळवला. ए३ स्कॅनरचा ६४-बिट ड्रायव्हरही मिळाला. तरीही जुन्या डिस्कला हात लावायचा नाही असे ठरले. नवे विंडोज नव्या एसएसडीवर बसवायचे आणि जुनी डिस्क जशीच्या तशी काढून कपाटात ठेवायची, म्हणजे काही बिनसले तर चार स्क्रू फिरवून संध्याकाळच्या आत जुना लॅपटॉप परत उभा राहील.

बायोस अद्ययावत करावा का, यावरही विचार झाला. नव्या बायोसच्या टिपणात मेमरीबद्दल काही उल्लेख नव्हता, लॅपटॉपची बॅटरी मेलेली होती, आणि बायोस लिहिला जात असताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होण्याची भीती होती. उन्हाळ्यातल्या सोलापुरात ही भीती काल्पनिक म्हणता येत नाही. बायोस तसाच ठेवला.

काडी लावताना

एसएसडीवर विंडोज बसवून डोंगल चालतो याची खात्री झाल्यावर रॅमचे काम हाती घेतले गेले. लॅपटॉपची एक खोबणी तळाच्या झाकणाखाली आणि दुसरी कीबोर्डखाली होती. झाकण उघडल्यावर आत सुताची तूस दाटून बसलेली दिसली. मागांच्या शेजारी वर्षानुवर्षे ठेवलेल्या यंत्रात ती असणारच. पंख्याच्या तोंडाशी तिचा जाडसर थर जमला होता आणि खोबणीच्या दातांतही धागे अडकले होते. ॲडॉप्टर आणि बॅटरी काढून, पॉवरचे बटण काही वेळ दाबून धरून, मऊ ब्रशने आधी ही सफाई झाली. काडीचे सोनेरी दात खोडरबराने घासण्याची दुकानांतून सर्रास पद्धत आहे. रबराची भुकटी खोबणीत पडते आणि मुलामा झिजतो, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ सुती कापड बरे.

पहिली काडी लावली आणि पडदा काळाच राहिला. पंखा फिरला, बीप वाजले, पुढे काही नाही. या ठिकाणी बहुतेक लोक ‘कंपनी खरे सांगत होती’ असे म्हणून थांबतात. दुरुस्तीकाराने तीच काडी दुकानातल्या सहाव्या पिढीच्या, डीडीआर३एल घेणाऱ्या लॅपटॉपमध्ये लावून पाहिली आणि ती निर्धोक चालली. म्हणजे काडी चांगली होती, आणि लॅपटॉपही जुन्या काड्यांवर चांगला चालत होता. न जमणारी गोष्ट दोघांच्या मध्ये कुठेतरी होती.

उत्तर काडीवरच होते. तिच्या एकाच बाजूला आठ काळ्या चिप होत्या आणि दुसरी बाजू कोरी होती. ८ जीबी म्हणजे ६४ गिगाबिट. ती आठ चिपमध्ये भागवायची तर प्रत्येक चिप ८ गिगाबिटची लागते. दुसऱ्या पिढीच्या या प्रोसेसरचा मेमरी कंट्रोलर १, २ आणि ४ गिगाबिटच्या चिप ओळखतो, ८ गिगाबिटच्या नाही. त्याला ८ जीबी हवी तर ती सोळा चिपमध्ये, दोन्ही बाजूंना आठ-आठ, अशीच हवी. लेबलवरही हा फरक लिहिलेला असतो : परत केलेल्या काडीवर ‘१आरएक्स८’ होते, आणि बदलून आणलेल्या काडीवर ‘८जीबी २आरएक्स८ पीसी३एल-१२८००एस’. यातला ‘२आर’ म्हणजे चिपच्या दोन रांगा, ‘एल’ म्हणजे १.३५ व्होल्टवर चालू शकणारी, आणि शेवटचा ‘एस’ म्हणजे लॅपटॉपच्या आकाराची. हा लॅपटॉप १.५ व्होल्ट देतो, पण डीडीआर३एल काड्या दोन्ही दाबांवर चालतात. ‘१२८००’ म्हणजे १६०० चा वेग, तो मात्र प्रोसेसरच्या मर्यादेमुळे १३३३ वर उतरतो.

बदललेली काडी पहिल्या प्रयत्नात ओळखली गेली. तिला दुसऱ्या खोबणीतही एकटी लावून पाहिले, म्हणजे खोबणीचा दोष आणि काडीचा दोष एकमेकांत मिसळणार नाहीत. मग तशीच दुसरी काडी आली आणि बायोसने १६ जीबी दाखवली.

तपासणी

बायोसने आकडा दाखवणे म्हणजे मेमरी धड आहे असे नाही. पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हा मेमरी तपासणारा प्रोग्रॅम चालवून रात्रभर तपासणी झाली आणि एकही चूक आली नाही. दुरुस्तीकाराला एवढ्यावर समाधान नव्हते. वापरलेल्या काड्या तापल्यावर चुकू लागतात हे त्याने पाहिलेले होते, आणि एप्रिल-मेमधल्या सोलापुरात पारा चाळिशीच्या पुढे असताना पत्र्याच्या छताखालच्या कार्यालयातली दुपार म्हणजे दुकानातली रात्र नव्हे. म्हणून तीच तपासणी कार्यालयात, अण्णांच्या टेबलावर, दुपारभर पुन्हा चालवली. काम अर्धा दिवस बंद ठेवावे लागल्याने अण्णांनी कुरकूर केली, पण तपासणी पूर्ण होऊ दिली. तीही स्वच्छ आली. मेमरीतला एक बिट चुकला तर यंत्र बंद पडेलच असे नाही. नक्षीच्या फाइलमध्ये एखादा ठिपका भलत्या रंगाचा होईल आणि तो शेकडो टॉवेलांवर विणला गेल्यावर दिसेल. या धंद्यात अर्ध्या दिवसाची किंमत त्या मानाने कमी आहे.

परिणाम

मुलीच्या कामात पडलेला फरक मोठा होता. दोन ए३ चित्रे आणि ब्राउझर एकाच वेळी उघडे ठेवले तरी बाण अडखळत नव्हता. अण्णांच्या नक्षीच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र फार बदल जाणवला नाही. तो ३२-बिट प्रोग्रॅम आहे. ६४-बिट विंडोजवरही अशा प्रोग्रॅमला सहसा २ जीबी, आणि तशी सोय मुद्दाम केलेली असेल तर ४ जीबीपर्यंत मेमरी मिळते. यंत्रात १६ असो की ३२, त्याच्या वाट्याला तेवढेच. अण्णांना हे आधी सांगितलेले होते म्हणून वाद झाला नाही.

वेगळे काय करता आले असते

एसएसडी, ६४-बिट विंडोज आणि रॅम हे तिन्ही बदल लागोपाठ झाले, आणि दोन बदलांच्या मध्ये एक दिवसही नेहमीचे काम करून पाहिले गेले नाही. त्यामुळे सुधारणेतला किती वाटा कशाचा, हे आता सांगता येत नाही. एसएसडी आणि विंडोज बदलून, ८ आणि २ अशा १० जीबीवर आठवडाभर काम करून पाहिले असते, तर दुसऱ्या काडीची गरज होती की नाही ते मोजून ठरले असते. पुढे नोंद ठेवली तेव्हा गर्दीच्या दिवशी वापर नऊ-दहा जीबीपर्यंत जाताना दिसला. म्हणजे ८ जीबी थोडी कमी पडली असती, पण १० वर बहुधा भागले असते.

पहिली काडी मागवताना फोनवर ‘आठची डीडीआर३एल’ एवढेच सांगितले गेले होते. ‘सोळा चिपची, दोन्ही बाजूंनी भरलेली’ असे सांगितले असते, किंवा लेबलचा फोटो मागवला असता, तर ती फेरी टळली असती.

सर्वांत स्वस्त पर्याय मात्र यादीत आलाच नाही. ६०० ऐवजी ३०० डीपीआयवर स्कॅन केले तर चित्राला लागणारी मेमरी एक चतुर्थांश होते, म्हणजे प्रत्येक थराला २०९ ऐवजी ५२ एमबीच्या आसपास. मागाची शेवटची फाइल काही हजार हुकांची असताना फुलापानांच्या चित्राला ६०० ची गरज क्वचितच पडते. हे नंतर निघाले तेव्हा मुलीने रास्त हरकत घेतली : वडिलांच्या जुन्या, हाताने रंगवलेल्या ग्राफमधल्या बारीक चौकटी ३०० वर एकमेकींत मिसळतात आणि चौकटी मोजता येत नाहीत. म्हणून आता ग्राफ ६०० वर आणि बाकी सगळे ३०० वर स्कॅन होते. हे आधी ठरले असते तरी ६४-बिट विंडोजचा खटाटोप चुकला नसता, पण कंपनीच्या मर्यादेतली ८ जीबी अण्णांना पुरली असती.

लॅपटॉपची मेमरी यापुढे वाढणार नाही. १६ ही प्रोसेसरचीच मर्यादा आहे. विंडोज १० चे समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ या प्रोसेसरला अधिकृतपणे घेत नाही, म्हणून हा लॅपटॉप आता इंटरनेटपासून वेगळा, फक्त नक्षीसाठी वापरला जातो. तयार फाइल पेन ड्राइव्हवरून मागाकडे जाते, आणि जुनी डिस्क अजून कपाटात आहे.